तस्वीर, ओले धान्य आणि कलाशाळा

कोकणातल्या मुसलमान घरातला मुलगा बारावी झाला की त्याच्यापुढच्या वाटा ठरलेल्या असतात. आयटीआय, डिप्लोमा, बोटीवरची नोकरी, नाहीतर आखातातल्या मामाने पाठवलेला व्हिसा. मुलगी असेल तर डी.एड. किंवा फार्मसी. या यादीत चित्रकला नसते. तसे पाहिले तर मालवण, देवगड, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यातली आमची मुले शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात. स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचे कागदामागून कागद रंगवतात. श्रेणी मिळाली की घरात कौतुकही होते, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. पण तोच मुलगा ‘मला बी.एफ.ए. करायचे आहे, पणजीच्या कला महाविद्यालयात नाहीतर मुंबईला जे.जे.त’ असे म्हणाला की घराचा चेहरा बदलतो. पैशाचा प्रश्न आधी निघतो आणि त्यात गैर काही नाही. चार वर्षे, वसतिगृह, रंग-कागदांचा खर्च, पुढे नोकरीची खात्री नाही. हे बोलणे संपले की कोणीतरी, बहुधा ज्याला फी भरायची नसते असा नातलग, हळूच म्हणतो, ‘तस्वीर बनाना हराम है.’ एरवी जन्मभर कोकणीत बोलणारा हा माणूस नेमका निकाल देताना उर्दूत शिरतो. मग सगळे गप्प होतात. मुलगाही.

आमच्या समाजातल्या या गप्प होण्याविषयी आम्हाला लिहायचे आहे. आक्षेप पोकळ आहे असे म्हणून तो उडवून लावणे सोपे आहे, पण तो पोकळ नाही. तस्वीर बनवणाऱ्यांना कयामतच्या दिवशी ‘तुम्ही जे घडवले त्यात जीव घाला’ असे सांगितले जाईल, अशा आशयाची हदीस बुखारीत आहे आणि तिच्या आधारे अनेक उलेमांनी सजीवांच्या चित्रांना मनाई केली आहे. पण त्याच परंपरेत इतर गोष्टीही आहेत. हाताने चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला इशारा दिला खरा. पण पुढे झाडे काढ, ज्यात रूह नाही ते काढ, अशी वाटही दाखवली. हजरत आयशांच्या घरातल्या चित्रांच्या पडद्याच्या उशा झाल्या, त्यांच्या बाहुल्यांत पंखांचा घोडा होता, हेही हदीसच्या ग्रंथांतच येते. कुरआनच्या सबा सूरेत हजरत सुलैमानांसाठी जिन्न मूर्ती घडवतात असा उल्लेख आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी असे मांडले, की जिथे पूजेचा धोका उरलेला नाही तिथे चित्र हे ज्ञान जपण्याचे साधन आहे. त्याच कैरोत १९०८ साली ललित कलांची शाळा उघडली. आमच्या बाजूच्या बऱ्याच उलेमांना हे मान्य नाही. म्हणजे मतभेद आहे, जुना आहे, आणि दोन्हीकडे शिकलेली माणसे आहेत.

आमच्या घरात मात्र हा मतभेद पोचत नाही. पोचतो तो फक्त निकाल, आणि तोही सोयीने. हजच्या पासपोर्टला फोटो चालतो. निकाहचे चित्रण चालते, त्यासाठी दोन-दोन कॅमेरे येतात. आखातातल्या बापाला मुलाचा चेहरा मोबाइलवर रोज दिसतो. कॅमेऱ्याला सूट आणि पेन्सिलीला मनाई, हे उलेमांच्या बारीक युक्तिवादांत बसूही शकेल. पण आमच्या ओटीवर तो युक्तिवाद कोणी केलेला नसतो. फोटोविना अडते म्हणून तो हलाल आणि चित्राविना अडत नाही म्हणून ते हराम, एवढाच आमचा हिशेब असतो.

आम्हाला त्या हदीसमधली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘यात जीव घाल’ हा सवाल चित्र काढणाऱ्याला केला जाणार आहे. त्याच्या मामाला नाही, जमातीच्या चिटणिसाला नाही, आम्हालाही नाही. ज्या सवालाचे उत्तर एकट्याने द्यायचे आहे, त्याचे उत्तर दुसऱ्याने आधीच देऊन टाकणे याला आम्ही दीनदारी समजतो. सल्ला देणे वेगळे, ते वडीलधाऱ्यांचे कामच आहे. पण सल्ला म्हणजे दोन्ही बाजू पुढे ठेवणे. अठरा वर्षांचा मुलगा नमाज स्वतःची पढतो, रोजा स्वतःचा धरतो, त्याच्या गुन्ह्याचे ओझे दुसऱ्या कोणावर पडत नाही असे आपणच त्याला शिकवतो. आणि चित्राची वही मात्र आपण त्याच्या वतीने मिटतो.

शिवाय तो सवाल कलाशाळेत रोजच विचारला जातो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. पहिल्या वर्षी मुलाला बादली, मडके, फडके, दोन कांदे समोर ठेवून बसवतात. तासन्‌तास. मडक्याचा काठ लंबगोल दिसतो तसा काढता येत नाही, सावली कुठून सुरू होते ते कळत नाही. मग माणसाचे डोके समोर येते आणि पापणी, नाकपुडी, कानाची पाळी यांपुढे हात थिजतो. आपण निर्माते आहोत असा गर्व कोणाला झाला असेल तर तो इथे उतरतो. आईने-अकबरीत अबुल फजलने अकबराचे एक मत नोंदवले आहे, त्याचा आशय असाच आहे: सजीवाचा एकेक अवयव रेखाटूनही त्यात प्राण घालता येत नाही, हे चित्रकाराला जितके कळते तितके इतरांना कळत नाही, आणि म्हणून त्याचे मन जीव देणाऱ्याकडे वळते. बादशहाचे हे म्हणणे फतवा नव्हे, हे खरेच. पण ‘अल-मुसव्विर’, आकार देणारा, हे अल्लाहचे नाव तसबीहवर म्हणणे आणि एक कान नीट काढता न येण्याचा अनुभव घेऊन म्हणणे, यांत फरक पडत असेल असे आम्हाला वाटते.

लाइफ क्लासचा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि आम्ही तो लपवणार नाही. विवस्त्र मॉडेल समोर बसवून अभ्यास करण्याची पद्धत मोठ्या कलाशाळांत आहे. २०१८ साली आलेल्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटाने ते मॉडेल बनणारी गरीब बाई कोण असते, तेही दाखवले. नजर खाली ठेवण्याची शिकवण मिळालेल्या मुला-मुलीची इथे घुसमट होणार. तसबिरीच्या आक्षेपापेक्षा हा आक्षेप आम्हाला जास्त वजनाचा वाटतो. ज्याला हे जमत नाही त्याने शिक्षकांना सरळ सांगावे, आणि शिक्षकांनी त्याला मागासलेला न ठरवता कपड्यातल्या मॉडेलवर काम करू द्यावे. पण या एका वर्गापायी चार वर्षांचे शिक्षण नाकारणे म्हणजे एका शवविच्छेदनापायी डॉक्टरकी सोडण्यासारखे आहे. मालवणच्या घरांतून डॉक्टर होण्याला कोणी अडवलेले आम्ही पाहिलेले नाही.

आता खरी गंमत. घरातला वाद पुष्कळदा एका तडजोडीवर मिटतो: चित्रकार नको, ॲप्लाइड आर्ट कर, डिझाइन कर. जाहिरात, पॅकिंग, लोगो. त्यात नोकरी आहे, आणि त्यात हराम काय असणार? इथे मामाही हरकत घेत नाही. आमच्या मते हलाल-हरामचा सगळ्यात कठीण प्रश्न नेमका इथे सुरू होतो. रसूलल्लाह (स.) बाजारात धान्याच्या एका राशीजवळ थांबले, त्यांनी आत हात घातला तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले, आणि फसवणाऱ्याशी आपले नाते तोडले. वर कोरडे, आत ओले. पॅकिंग डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या टेबलावर ही हदीस असायला हवी. कारण राशीचा वरचा थर रचणे हेच त्याचे काम आहे.

आमच्या जिल्ह्यात हे पुस्तकी बोलणे नाही. दुसरीकडचा आंबा देवगड हापूसच्या पेटीत भरून विकला जातो, ही तक्रार आमच्या बागायतदारांची वर्षानुवर्षांची. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ च्या हंगामात तर फळाफळावर सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर लावण्यापर्यंत गोष्ट गेली. त्या खोट्या पेटीवरचे सोनेरी अक्षर कोणीतरी काढलेले असते. त्याने एकही सजीव चित्रित केलेला नसतो. त्याच्यावर कोणी फतवा मागत नाही.

आणि राजकोट. मालवणच्या किनाऱ्यावर ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. समोर समुद्रात सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षे लाटा झेलत उभा आहे आणि काठावर हे असे. त्या दिवशी मालवणात ज्यांना वाईट वाटले त्यांत आमची माणसेही होती. दोष कोणाचा ते न्यायालय पाहील. २०२५ मध्ये त्याच जागी ६० फुटी नवा पुतळाही उभा राहिला. पण गंजलेल्या नटबोल्टांची जी चर्चा तेव्हा झाली, ती ऐकताना आम्हाला तीच धान्याची रास आठवली. पुतळा घडवावा की न घडवावा याबद्दल श्रद्धेप्रमाणे मते वेगळी असतील. घडवणाऱ्याने न दिसणारा सांगाडा दिसणाऱ्या चेहऱ्याइतक्याच इमानाने करावा, याबद्दल दोन मते कशी असतील? असे इमान शिकायला कार्यशाळा लागते, उस्ताद लागतो, वर्षे लागतात. म्हणजे कलाशाळाच लागते.

आमच्या गप्प होण्यामागे आणखी एक भीती आहे. ती धर्माच्या नावाखाली लपते, म्हणून तिचे नाव घ्यायला हवे. मुलगा चित्र काढू लागला तर आपले रागावतील, आणि त्याने दुसऱ्यांच्या श्रद्धेतले काही काढले तर ते रागावतील. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेनांना २००६ नंतर देशाबाहेर राहावे लागले आणि २०११ साली लंडनजवळ त्यांची माती झाली, हे कोकणातल्या बापालाही ठाऊक आहे. त्या बापाला भित्रा म्हणण्याचा हक्क आम्हाला नाही. एवढेच सांगतो, की जे.जे.तच शिकलेल्या तय्यब मेहतांनी महिषासुर रंगवला, काली रंगवली, आणि सय्यद हैदर रझांनी वर्षानुवर्षे बिंदू रंगवला. त्या जे.जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर तिथेच शिकले. हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र पाहायला आजही लोक मैसूरला जातात. त्या चित्रासाठी त्यांची स्वतःची मुलगी उभी राहिली होती. सावंतवाडीहून निघालेल्या वाटेला तेव्हा रेल्वे नव्हती, आता आहे.

त्याच सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवतात. शब्द फारसी, खेळ मोगलांसोबत पसरलेला. बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. इथे आल्यावर पत्ते दशावतारी झाले, दहा अवतारांचे बारा-बारा, एकशेवीस. आमच्यातली एखादी मुलगी उद्या तिथे बसून मत्स्य आणि कूर्म रंगवू लागली तर ते योग्य की अयोग्य? आम्हाला विचाराल तर तिने ते रोजगार म्हणून, परक्याच्या श्रद्धेचा मान राखून करावे, आणि मन कचरले तर करू नये. मोगली गंजिफा रंगवायचा पर्याय तिला आहेच: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश, मिळून शहाण्णव पत्ते. मात्र तिथेही दर संचात एक मीर आणि एक वजीर असतो. त्यांचे चेहरे काढावेच लागतात.