आस्वाद आणि विलंब : बारोलोच्या निमित्ताने

कांटच्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’मध्ये (१७९०) मद्याचे उदाहरण येते ते त्याची मर्यादा दाखविण्यासाठी. कॅनरी बेटांवरचे मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याने ‘मला सुखद आहे’ ही दुरुस्ती मान्य केली पाहिजे; सौंदर्याविषयी बोलणाऱ्याला मात्र ती मान्य करता येत नाही, कारण तो सर्वांच्या संमतीवर हक्क सांगत असतो. सुखद आणि सुंदर यांतील हा भेद मराठी अभ्यासकाला रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’पासून (१९७४) चांगला परिचित आहे. परंतु जिभेचे सारे अनुभव सुखदाच्या खात्यावर टाकताना एक गोष्ट गृहीत धरली जाते : चव म्हणजे तत्काळ मिळणारे आणि मिळताच सरणारे सुख. हे गृहीत प्रत्येक मद्याला लागू पडते काय, हे सहसा तपासले जात नाही.

वायव्य इटलीतील पिडमाँट प्रांतात, आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांवर होणारी बारोलो ही वाईन येथे कसोटीला घेता येईल. ती नेब्बियोलो या एकाच जातीच्या द्राक्षापासून करतात. हे द्राक्ष उशिरा, बहुधा ऑक्टोबरात, पिकते. त्या दिवसांत दऱ्यांत धुके उतरते, आणि ‘नेब्बिया’ म्हणजे धुके यावरून त्याचे नाव पडले असे मानणारा एक पक्ष आहे. वाईनचा रंग फिकट, पण तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही तीव्र. डोळ्यांना जी सौम्य भासते तीच जिभेला कठोर लागते. कायद्याने ती किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात. ‘रिझेर्वा’ म्हणवून घेण्यासाठी ६२ महिने. एवढे होऊनही कोवळी बारोलो तोंड कोरडे पाडते, हिरड्या आवळते. पुढच्या दहा-वीस वर्षांत टॅनिनचे रेणू परस्परांशी व रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. तांबडा रंग विटकरी होतो, तुरटपणा निवतो आणि जाणकार जिची नेहमी आठवण काढतात ती डांबर व गुलाब यांच्या गंधांची विसंगत जोडी स्थिरावते.

आता, कोवळी बारोलो चाखून ‘ही थोर आहे’ असे म्हणणारा रसिक नेमके काय म्हणत असतो? ‘मला सुखद आहे’ असे खचितच नाही. त्या क्षणी ती त्याला सुखद नाहीच. यावर कांटवादी उत्तर तयार आहे : हा मूल्यनिर्णय नसून भावी सुखाचे भाकीत आहे. हे उत्तर सहज झटकता येण्यासारखे नाही. पण समजा, ती सारी बाटलीबंद वाईन उद्याच्या पुरात वाहून गेली. भाकीत विफल झाले. रसिकाचे विधान मात्र खोटे ठरले असे कोणी म्हणणार नाही. कारण ते आज तोंडात असलेल्या संरचनेविषयी, म्हणजे तुरटपणाचा पोत, आम्लाचा ताठा आणि त्यांचे परस्परांना तोलून धरणे यांविषयी, केलेले होते. तरीही ती संरचना ‘चांगली’ ठरते ती पुढे कशाला तरी उपकारक होणार म्हणूनच, हेही नाकारता येत नाही. म्हणजे हा निर्णय निखळ सौंदर्याचा नव्हे आणि निखळ सुखाचाही नव्हे; कांटच्या विभागणीत त्याला नीट जागा सापडत नाही, इतकेच येथे म्हणायचे आहे.

ह्यूमने रसिकतेच्या निकषावरील निबंधात (१७५७) ‘डॉन किहोटे’मधील गोष्ट वापरली आहे. सँकोच्या दोन नातलगांपैकी एकाला मद्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची; लोक हसतात, आणि पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याचा बंद असलेली किल्ली निघते. ह्यूमचा दुसरा निकष काळाचा : अथेन्स आणि रोममध्ये रुचलेला होमर पॅरिस आणि लंडनमध्येही रुचतो. मात्र होमरची संहिता तीच राहते, वाचक बदलतात. बारोलोत वस्तूच बदलते. शिवाय वाचल्याने ग्रंथ संपत नाही. नाट्यशास्त्रातील अन्न आणि रस यांचा दृष्टान्तही सिद्ध झालेल्या अन्नाचा आहे. सुमनस भोक्त्याने अर्धवट शिजलेल्या पदार्थाविषयी काय म्हणावे, हे त्यात येत नाही.

हा विलंब लादण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न बारोलोच्या गावांत चर्चेपुरता राहिला नाही. १९८३ मध्ये एलिओ आल्तारे या तरुण उत्पादकाने वडिलांची जुनी मोठी पिंपे यांत्रिक करवतीने कापून काढली आणि त्या जागी २२५ लिटरची फ्रेंच ओकची पिंपे आणण्याचा मार्ग धरला. वडिलांनी त्याला वारसाहक्कातून वगळले. नव्या गटाने साली रसात ठेवण्याचा काळ आठवड्यांवरून दिवसांवर आणला. वाईन लवकर मऊ झाली आणि परदेशांत खपू लागली. उलट बाजूस बार्तोलो मास्कारेल्लो यांनी १९९९ साली स्वहस्ते रंगविलेल्या लेबलावर छोट्या पिंपांना आणि बेर्लुस्कोनींना एकाच दमात नकार दिला. परंपरेची बाजू आज अधिक मोहक वाटते, आणि नव्यांतील अनेकजण पुढे मोठ्या पिंपांकडे परतलेही. परंतु बेप्पे फेनोल्योची ‘ला मालोरा’ (१९५४) वाचलेल्यास लांगेचे दारिद्र्य ठाऊक असते : तेथे शेतकऱ्याचा मुलगा दुसऱ्याच्या शेतावर चाकरीला जातो. वीस वर्षे थांबण्यासाठी तळघर लागते, पैसा लागतो, आणि वीस वर्षांचे आयुष्य हाताशी असल्याचा भरवसा लागतो. आल्तारेची करवत ओकच्या लाकडावर चालली खरी. पण प्रतीक्षेला सद्गुण म्हणण्याची चैन ज्यांना परवडते त्यांच्यावरही ती चालली होती. या आक्षेपाला सौंदर्यशास्त्राच्या परिभाषेत उत्तर नाही.

प्रतीक्षा परवडणाऱ्याचीही अडचण सुटत नाही. तो बारा बाटल्यांची पेटी घेतो आणि दर दोन-तीन वर्षांनी एक उघडून पाहतो. ज्या बाटलीने ‘आता वेळ झाली’ असे सांगितले ती तोवर संपलेली असते. उरलेल्यांतील प्रत्येकीचे बूच वेगळे, आणि म्हणून वयही थोडे वेगळे.