‘टर्बो का नाही दिला?’

पुणे

चि. भाचेबाई,


तुझं पत्र मिळालं. टोयोटा 86 ची जुनी परीक्षणं चाळताना तू चक्रावलीस, हे वाचून गंमत वाटली. ज्या गाडीला आज शौकीन मंडळी जिवापाड जपतात, तिला पहिल्याच आठवड्यात इतकी बोलणी का बसली, हा तुझा प्रश्न. पण पत्राच्या शेवटी जे ओझरतं लिहिलंयस, की तुमच्या कॉलेजच्या टीमच्या गाडीचं डिझाइन बघून सीनियर हसले, ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. त्याकडे येतोच. आधी जपानला जाऊ.

2011 च्या नोव्हेंबरअखेर टोकियो मोटर शोमध्ये ही गाडी पडद्याबाहेर आली. टोयोटा आणि सुबारू या दोन कंपन्यांनी मिळून केलेली. इंजिन सुबारूच्या परंपरेतलं, आडवे पिस्टन असलेलं बॉक्सर, दोन लिटरचं. बोअर 86 मिलिमीटर आणि स्ट्रोकही 86 मिलिमीटर. (असला खोडकरपणा इंजिनिअरच करू जाणे.) ताकद सुमारे 200 अश्वशक्ती, वजन साधारण सव्वाबाराशे किलो, मागची चाकं ओढणारी, चारपैकी दोन सीट नावापुरत्या. अमेरिकेत ती ‘सायन एफआर-एस’ या नावाने विकली गेली, किंमत सुमारे 25 हजार डॉलर.

आता तिथल्या शौकिनाच्या जागी स्वतःला ठेवून बघ. त्याच सुमारास व्ही-सिक्स इंजिनाची मस्टँग 305 अश्वशक्तीची होती आणि सुरुवातीची किंमत याहून कमी. आणखी झोंबणारी गोष्ट म्हणजे टोयोटाचीच व्ही-सिक्स कॅमरी, जिच्यात माणसं मुलांना शाळेत सोडतात, ती 268 अश्वशक्तीची. सरळ रस्त्यावर सिग्नल सुटला की कॅमरी पुढे! यावर विनोद झाले नसते तरच नवल. त्यात टायर निघाले मिशेलिन प्रायमसी, म्हणजे इंधन वाचवणाऱ्या प्रियसवर मिळायचे तेच. मग काय, एकच ओरड: टर्बो का नाही दिला? नंतर देणार म्हणून आत्ता राखून ठेवलाय का?

मुख्य इंजिनिअर होते तेत्सुया ताडा. आधी घरगुती मिनीव्हॅनवर काम केलेला माणूस. त्यांनी मुलाखतींतून पुन्हा पुन्हा सांगितलं, की टर्बो, चारही चाकांना ताकद आणि जास्त पकड असलेले टायर या तिन्ही गोष्टी आपण जाणूनबुजून टाळल्या. लोकांना ते सारवासारव वाटलं. मला नाही वाटलं, आणि त्याचं कारण हिशोबाचं आहे.

टर्बो म्हणजे नुसतं एक चक्र बसवणं नव्हे, हे तुला माहीतच आहे. त्याच्यामागे इंटरकूलर येतो, त्याच्या नळ्या येतात, मोठा रेडिएटर येतो. वाढलेला टॉर्क सोसायला गिअरबॉक्स, क्लच, डिफरन्शियल सगळंच दणकट करावं लागतं. वेग वाढला की ब्रेक मोठे, ब्रेक मोठे की चाकं मोठी. प्रत्येक पायरीला किलो वाढतात आणि पैसे वाढतात, आणि शेवटी 25 हजारांची गाडी 35 हजारांची होऊन बसते. मग तेच लोक म्हणतात, एवढ्या पैशांत आम्ही दुसरीच घेऊ. शिवाय बॉक्सर इंजिन आडवं असल्यामुळे ताडांच्या टीमला ते जमिनीलगत बसवता आलं. गाडीचा गुरुत्वमध्य सुमारे 46 सेंटिमीटर उंचीवर आला, जो त्या काळच्या कितीतरी महागड्या स्पोर्ट्स गाड्यांपेक्षा खाली होता. या गोष्टीला कागदावर एक ओळ मिळते. चालवणाऱ्याला ती प्रत्येक वळणावर मिळते.

आणि टायर? पकड मर्यादित ठेवली की गाडी कमी वेगातच सांगायला लागते, ‘मी सुटायला लागलेय, सावर.’ नवशिक्याला मागचं चाक सरकताना काय होतं ते जिवावर न बेतता कळतं. चांगला टायर बाजारात कोणालाही विकत घेता येतो. साधा टायर देऊन गाडी नीट वागवून दाखवणं हे कारखान्याचं काम. मागची सीट पाडली की सुटे चार टायर आणि हत्यारांची पेटी आत मावावी, हाही विचार त्यांनी केला होता. ट्रॅकवर जाणाऱ्याने टायर गाडीतच न्यावेत, तिथे बदलावेत, संध्याकाळी त्याच गाडीने घरी यावं. हे वाचलं तेव्हा मी ताडांच्या बाजूचा झालो.

गाडीच्या नावातला 86 आला 1983 ते 87 दरम्यानच्या कोरोला एई86 वरून. तीही नवी असताना कोणी देवघरात ठेवावी अशी गाडी नव्हती. स्वस्त, हलकी, 1.6 लिटरची कोरोलाच. केइची त्सुचिया नावाच्या रेसरने ती डोंगरी रस्त्यांवर आडवी चालवून दाखवली, आणि 1995 पासून शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथेत टोफू पोचवणारा एक पोरगा तिच्यातून मोठमोठ्या गाड्यांना घाटात मागे टाकू लागला. त्या कथेतला डोंगर गुन्मा प्रांतातल्या हारुना डोंगरावर बेतलाय. आणि नव्या 86 चं उत्पादन झालं कुठे? गुन्मा प्रांतातच, सुबारूच्या ओता इथल्या कारखान्यात. इतकं जुळून आलेलं असताना लोक अश्वशक्ती मोजत बसले.

पण शौकिनांना सरसकट मूर्ख ठरवू नकोस. त्यांची एक तक्रार शंभर टक्के खरी होती. या इंजिनाच्या टॉर्कच्या आलेखात साधारण साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या दरम्यान खड्डा पडायचा. ओव्हरटेक करायला पाय दाबावा आणि नेमकं तिथेच इंजिनाने अंग चोरावं. ताम्हिणी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना असं होणं म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. ही तक्रार गाडी चालवलेल्या माणसांची होती, आणि ती ऐकली गेली. 2020 च्या नोव्हेंबरात सुबारूची नवी बीआरझेड (याच गाडीची जुळी बहीण) आणि 2021 च्या एप्रिलात टोयोटाची जीआर86 आली, तेव्हा इंजिन 2.4 लिटरचं झालं होतं, अमेरिकेत 228 अश्वशक्तीचं. जास्तीत जास्त टॉर्क आता 3,700 आरपीएमलाच मिळू लागला, म्हणजे जिथे खड्डा होता बरोबर तिथे. टर्बो मात्र याही वेळी दिला नाही. ओरड पुन्हा झाली, जरा कमी.

मग ब्रिटनमध्ये काय झालं बघ. पहिल्या खेपेच्या सगळ्या गाड्या दीड तासात आरक्षित झाल्या. युरोपात ती दोनच वर्षं विकायची असं आधीच ठरलं होतं, कारण 2024 च्या उन्हाळ्यापासून तिथले सुरक्षेचे नवे नियम लागू होणार होते आणि त्यांत बसवायला गाडी बरीचशी नव्याने करावी लागली असती. मिळणार नाही असं कळलं की हीच टर्बो मागणारी जमात चेकबुक घेऊन उभी राहते. हे मी थोडं कुत्सितपणे लिहितोय, पण खोटं नाही.

माझदाच्या एमएक्स-5 चाही असाच एक किस्सा. 2014 मध्ये तिची चौथी पिढी दाखवली; पुढे अमेरिकेसाठीचे आकडे आले तेव्हा आधीच्या 167 ऐवजी 155 अश्वशक्ती. नव्या गाडीत ताकद कमी, म्हणून नाकं मुरडली गेली. वजन केवढं उतरवलंय तिकडे फारसं कोणाचं लक्ष नव्हतं. रस्त्यावर आली तर जुनीपेक्षा चपळ निघाली. ताकदीला वजनाने भागायचं असतं, हे आपण अकरावीत शिकतो आणि शोरूमच्या दारात विसरतो.

आपल्याकडचं उदाहरण याच्या उलटं, म्हणून जास्त बोचतं. 2017 च्या मार्चमध्ये जिनिव्हाला टाटांनी ‘रेसमो’ दाखवली. दोन माणसांची, 1.2 लिटरचं टर्बो इंजिन पाठीमागे मध्यावर, 190 अश्वशक्ती. हिला टर्बो होता बरं! आपल्या इथल्या शौकिनांनी डोक्यावर घेतली. नावं ठेवणारे थोडे, टाळ्या वाजवणारे भरपूर. गाडी बाजारात आलीच नाही. प्रकल्प गुंडाळला गेला. त्याआधी बंगळूरच्या सॅन मोटर्सने फायबरग्लासच्या बॉडीची ‘स्टॉर्म’ खरोखर विकायला काढली होती, रेनॉच्या 60 अश्वशक्तीच्या इंजिनावर. तिला हसले सगळे, घेतली फार थोड्यांनी. तरी दोघींपैकी कोणाला मान द्यायचा असं विचारलंस तर मी स्टॉर्मला देईन. तिची नंबर प्लेट आरटीओत नोंदली गेली. मुळात दोन सीटची गाडी आपल्याकडे घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी म्हणूनच घेतली जाते, आणि एवढे पैसे असलेला माणूस तिच्याऐवजी उंच एसयूव्ही घेतो. कारखाना टाळ्यांवर डाय पाडत नाही. एका बॉडी पॅनेलच्या डायला किती खर्च येतो हे तुझ्या वर्कशॉपच्या सरांना विचार, म्हणजे कळेल.

आता तुमच्या सीनियर मंडळींचं. ते हसले कशाला, ते नीट लिहून काढ. ‘सिंगल सिलिंडरच का’, ‘विंग का नाही’, असलं असेल तर चहा पाजून सोडून दे. पण ‘स्टिअरिंग जड आहे’ किंवा ‘पेडलपर्यंत पाय नीट पोचत नाही’ असं त्यांच्यातला कोणी गाडीत बसून म्हणाला असेल, तर त्याच्याशी वाद घालू नकोस, टेप घेऊन मोजायला बस. जानेवारीत कोइंबतूरला फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या स्पर्धेत वेगाच्या चाचण्यांबरोबरच खर्चाचा आणि उत्पादनाचा विभागही असतो. तिथे परीक्षक विचारतील, हा ब्रॅकेट मिलिंग करून का केला, पत्रा वाकवून का नाही. इथे अमुक इतके बोल्ट का, कमी का नाहीत. उत्तरं तोंडपाठ नकोत, हिशोबाच्या कागदासकट हवीत. तो कागद निघायच्या आधी मला पाठव. माझा चष्मा बदललाय, बारीक आकडे वाचता येतात आता.

मामी म्हणते, वर्कशॉपमध्ये केस बांधून जात जा.

तुझा,
मामा