सातव्या पावलाआधीची सही

लग्नाचा मुहूर्त काढायला येणारी माणसं हल्ली पत्रिकांबरोबर एक प्लास्टिकची फाइलही आणतात. करमाड, कुंभेफळ, शेंद्रा, लाडगाव हा माझ्या यजमानांचा पट्टा. शेंद्र्याला एमआयडीसी आली, शेतकऱ्यांची पोरं इंजिनिअर झाली, पुण्याला गेली आणि तिथून कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला. मुलगा तिकडं ‘पीआर’, म्हणजे कायमचा रहिवासी, असतो, मुलगी इकडची असते. तो तिला स्पॉन्सर करणार असतो. त्या फाइलमध्ये कुठंतरी माझी सही लागते. विवाह नोंदणीच्या नमुना ड मध्ये वर, वधू आणि साक्षीदार यांच्याबरोबर पुरोहिताचाही रकाना आहे.

अशीच एक फाइल घेऊन शेंद्र्याच्या कंपनीत सुपरवायझर असलेले एक गृहस्थ आले. होणारा जावई कॅनडात ब्रॅम्प्टनला, थोड्या दिवसांच्या रजेवर आलेला. चातुर्मास लागलेला. ते म्हणाले, “गुरुजी, तुळशीच्या लग्नानंतर थाटात बार उडवू, हॉल बघून ठेवलाय. आत्ता फक्त सही द्या. नोंदणी झाली की फाइल पुढं सरकंल.” मी नाही म्हणालो. त्यांना राग आला, आणि तो समजण्यासारखा होता. उशिराचा प्रत्येक महिना त्यांच्या मुलीच्या आयुष्यातून जाणार होता. मी म्हणालो, “दादा, घाई असेल तर लग्नच आत्ता लावू. दाते पंचांगात गौणकाळातले मुहूर्त दिलेले असतात. अंगणात होम पेटवू, घरची माणसं पुरेत.” पंगतीशिवाय लग्न या कल्पनेनं मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण लग्न झालं, तसंच, अंगणात. त्यानंतर मी सही केली.

एका सहीसाठी एवढं कशाला, असं मला अजूनही विचारतात. दोन्ही घरं राजी, मुलगा-मुलगी राजी. पाच महिन्यांनी जे होणारच आहे ते आज लिहून दिलं तर कुणाचं काय बिघडलं? प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं की ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातवं पाऊल पडल्यावर पूर्ण होतं आणि बंधनकारक ठरतं. नोंदणी आठव्या कलमात येते, म्हणजे लग्नानंतर. 2024 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं दोन वैमानिकांचं प्रकरण आलं. एका संस्थेचं प्रमाणपत्र होतं, त्यावर नोंदणीही होती, पण विधी झालेलाच नव्हता. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती मसीह यांनी ते लग्नच नव्हतं असं ठरवलं. व्हिसासाठी वेळ वाचावा म्हणून आधी कागद करून घ्यायची ही रीत बरी नाही, असंही त्या निकालात स्पष्ट लिहिलं. तो निकाल मी वाचला तेव्हा एका जुन्या गोष्टीला कोर्टाचा आधार मिळाल्यासारखं वाटलं.

पण मी केवळ कायद्यासाठी अडलो नव्हतो. सप्तपदीत नेमकं काय होतं ते जवळून पाहा. तांदळाच्या सात राशी ओळीनं मांडलेल्या असतात. मुलीचा उजवा पाय एकेका राशीवर येतो. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, मग धन, सुख, संतती, ऋतू, आणि सातवं सख्यासाठी. सगळं पुढचं आहे. तिथं ‘आमचं प्रेम आहे’ असं कुणी सांगत नाही. ‘आम्ही असे राहू’ असं सांगतात. अग्नी साक्षीला असतो तो या वचनाला. घडून गेलेल्या गोष्टीची साक्ष कागद देऊ शकतो. वचन द्यायला मात्र माणूस स्वतः उभा राहावा लागतो, आणि त्यानं ते दिलं नसताना ‘दिलं’ असं मी लिहून दिलं, तर त्या दोघांच्या वतीनं सात पावलं मीच चाललो असं होईल. तो अधिकार मला नाही.

एक गोष्ट मला फार सलते. मंगलाष्टका संपल्या, अक्षता पडल्या की मांडव रिकामा होतो. पाचशे माणसं पंगतीकडं वळतात. लाजाहोमाला नवरीचा भाऊ कान पिळायला शोधून आणावा लागतो. सप्तपदीला दोघांचे आई-बाप, एखादी आत्या आणि जेवणाची वाट बघणारा फोटोग्राफर. ज्या क्षणी लग्न लागतं त्या क्षणी बघायला कुणी नसतं, आणि फाइलमध्ये फोटो जातात ते स्टेजवरच्या आहेरांचे. हल्ली मी यजमानांना आधीच सांगतो: सप्तपदी जेवणाआधी होईल, आणि सगळे बसून बघतील.

शब्द देण्याची ही गोष्ट फक्त सप्तपदीपुरती नाही. आमच्या भागातल्या बौद्ध बांधवांच्या लग्नात सप्तपदी नसते, त्रिशरण-पंचशील असतं, प्रतिज्ञा असते. निकाहात दोन साक्षीदार असतात, कबुली असते, मेहेर ठरलेला असतो. रीत कोणतीही असो, जिवंत माणसानं समोर उभं राहून शब्द देणं सहसा टळत नाही. राजघराण्यांत नवरदेवाऐवजी खांडा पाठवून लग्नं लागत, तो अपवाद. कॅनडानं 2015 पासून नवरा किंवा नवरी प्रत्यक्ष हजर नसलेलं लग्न स्पॉन्सरशिपसाठी मान्य करणं बंद केलं. फोनवरचं नाही, इंटरनेटवरचंही नाही. तिथल्या नियमाशी माझं पटतं.

मात्र परक्या सरकारनं आपल्या लग्नाचा न्याय करावा, याचा एक फार वाईट इतिहास आहे. 14 मार्च 1913 रोजी केपच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. बाई मरियम नावाची स्त्री भारतातून नवऱ्याकडं दक्षिण आफ्रिकेत निघाली होती. लग्न इस्लामी रीतीनं झालेलं. तिला उतरू दिलं नाही, आणि निकालानं ख्रिस्ती विधीनं न झालेली, नोंद नसलेली लग्नं अमान्य ठरली. एका फटक्यात हिंदू, मुसलमान, पारशी बायका त्या देशाच्या लेखी कुणाच्याच कुणी राहिल्या नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली. 1914 च्या कायद्यानं ती लग्नं पुन्हा मानली गेली. आपलं लग्न खरं आहे एवढंच म्हणण्यासाठी बायकांनी तुरुंग पत्करला. म्हणून विधी स्वस्त करायला मला धजवत नाही.

आजचा अधिकारी धर्म विचारत नाही, खरेपणा विचारतो. हे लग्न मुख्यतः तिकडं राहायला मिळावं म्हणून केलं का? ओळख कशी झाली, लग्नाआधी किती वेळा भेटलात, एकत्र फोटो, बोलण्याच्या नोंदी. आमच्याकडं मुलगा-मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात एकदा भेटतात, साखरपुड्याला दुसऱ्यांदा. प्रेम नंतर येतं, आणि पुष्कळदा येतंच. अधिकारी मागं बघतो, सप्तपदी पुढं बघते. अडचण इथं आहे. सोबत राहिल्याचा पुरावा मागायचा, आणि सोबत राहायची परवानगी त्या पुराव्यानंतर द्यायची, हे मला अन्यायाचं वाटतं. कॅनडाच्या नियमात लग्नाशिवाय वर्षभर एकत्र राहिलेल्या जोडप्यालाही वाट आहे; जगणं हाच तिथं पुरावा. ज्यांनी वचन दिलंय पण अजून जगायला मिळालेलं नाही, त्यांच्या वचनालाही तसंच वजन मिळायला हवं.

तरी संशय सगळा वाईट म्हणवत नाही. लग्न करून मुलीला माहेरीच टाकून परदेशी निघून गेलेल्या नवऱ्यांच्या इतक्या तक्रारी येतात की राष्ट्रीय महिला आयोगाला त्यासाठी वेगळा कक्ष काढावा लागला. कुणीतरी नीट विचारायलाच हवं. मुलीचे बाप विचारत नाहीत, त्यांना ‘कॅनडा’ शब्द पुरतो.

आणि त्या फाइलमध्ये एक कागद असा आहे की तो मला आमच्या विधीच्या अगदी जवळचा वाटतो. स्पॉन्सर सरकारला हमी देतो: बायकोला पीआर मिळाल्यापासून तीन वर्षं तिचं अन्न, वस्त्र, निवारा, दातांचे-डोळ्यांचे उपचार माझ्याकडं. पीआर मिळाल्यावर ती हमी मागं घेता येत नाही. घटस्फोट झाला तरी ती तीन वर्षं संपेपर्यंत चालूच राहते. अमेरिकेतली तशी हमीही घटस्फोटानं सुटत नाही. पहिलं पाऊल अन्नासाठी, ते इथं शब्दशः आलंय. ब्रॅम्प्टनच्या त्या मुलाला मी विचारलं, “हे वाचलंस का?” तो म्हणाला, “गुरुजी, एजंटनं खुणा करून दिल्या होत्या, मी सह्या केल्या.” मी त्याला होमाच्या आदल्या रात्री ओसरीवर बसवून तो कागद मोठ्यानं वाचायला लावला. इंग्रजी त्याचं, मराठी अर्थ सांगायचा तोही त्यानंच, होणाऱ्या बायकोसमोर. ती मध्येच म्हणाली, “तीन वर्षं म्हणजे मग चौथ्या वर्षी काय?” तो काही वेळ बोलला नाही. मग त्यानं तिला तिच्या बीएस्सीचं, तिकडच्या नोकरीचं, भाड्याचं असं सगळं विचारायला सुरुवात केली. साखरपुडा होऊन गेला होता, पण हे बोलणं त्यांच्यात पहिल्यांदाच होत होतं. ते उशिरापर्यंत चाललं. मी उठून आत गेलो.

नंतर त्यांना फाइलसाठी माझं पत्रही हवं होतं. मी लिहिलं: अमुक तिथीला, अमुक अंगणात, अमुक लोकांच्या उपस्थितीत होम झाला, सात पावलं पडली, ती मी पाहिली. एजंटनं दिलेल्या मसुद्यात शेवटी ओळ होती, की हे दोघं सुखानं एकत्र नांदत आहेत आणि नांदतील याची मी खात्री देतो. ती ओळ मी काढली. मुलीच्या वडिलांनी कारण विचारलं. मी म्हणालो, “पाहिलं ते लिहिलं. नांदायचं त्यांनी आहे, त्याची खात्री त्यांनीच द्यावी.” मुलानं पत्र हातात घेतलं, पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाला, “चालेल गुरुजी. ती ओळ मी माझ्या अर्जात लिहितो.”