खरे फांसे आणि खोटे फांसे

भिसेगांवाहून कर्जत स्थानक जवळच आहे, आणि तेथून मुंबईची वाट लांब. कामावर जाणारा तरुण गाडींत बसला म्हणजे मोबाइल हातीं घेतो; त्यावर क्रिकेटच्या सामन्यांवर पैजा घेणारीं अ‍ॅपें त्याला बोलावीत असतात. अशा वेळीं प्रश्न निघतो कीं, "ह्यांपैकीं प्रामाणिक कोणतें? जिंकलेले पैसे वेळेवर देणारें कोणतें निवडावें?" ह्या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करूं.

महाभारतांतील द्यूतसभा सर्वांस ठाऊक आहे. ऐकणारे बहुधा शकुनीच्या कपटास दोष देतात. परंतु फांसे खरे असते, तर युधिष्ठिरानें राज्य, भाऊ आणि पत्नी पणास लावणें योग्य ठरलें असतें काय? प्रामाणिक अ‍ॅप शोधणारा मनुष्य केवळ फांसे तपासतो. पणास काय लागलें आहे तें पाहत नाहीं.

बरें, सर्वांत प्रामाणिक अ‍ॅपाचा हिशेब पाहूं. समजा, दोन संघ तुल्यबळ आहेत व दोघे गडी प्रत्येकीं १०० रुपये लावितात. अ‍ॅपवाला जिंकणाऱ्यास १९० रुपये देतो व १० आपण ठेवितो. ह्यांत लबाडी नाहीं. भाव आधींच सांगितलेला असतो. असे २० डाव झाले आणि दोघांनीं दहा दहा जिंकले, तर प्रत्येकाचे १०० रुपये गेले. कोणीं कोणास फसविलें नाहीं, तरी दोघेही बुडाले! शिवाय लबाड अ‍ॅपाकडे मनुष्य पुन्हां जात नाहीं. वेळेवर पैसे देणाऱ्याकडे मात्र तो रोज जातो.

कोणी म्हणेल, "शेतीही जुगारच आहे, पाऊस कोणाच्या हातीं?" खरें आहे, पण पाऊस पडला तर भात पिकतो, आणि एकाचें पीक येण्यासाठीं शेजाऱ्याचें शेत करपावें लागत नाहीं. पैजेंत एक दाणाही उत्पन्न होत नाहीं. जिंकणाऱ्याच्या हातीं जें येतें, तें दुसऱ्या घरची मजुरी असते. प्रेषितांनींही चिठ्ठ्या टाकिल्या, असेंही कोणी म्हणेल. टाकिल्या, परंतु त्यामुळें कोणाचें घर रिकामें झालें नाहीं. वधस्तंभाखालीं शिपायांनीं टाकिलेल्या चिठ्ठ्या मात्र दुसऱ्याच्या वस्त्रासाठीं होत्या.

मुंबई इलाख्यांत जुगारास आळा घालणारा कायदा १८८७ सालींच झाला. पुढें २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा मंजूर केला, व २२ तारखेस राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते दैवाचे असोत कीं कौशल्याचे, त्यांस त्यानें मना केली; चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटि रुपयांपर्यंत दंड सांगितला. खेळणारास मात्र शिक्षा सांगितली नाहीं. म्हणून कोणी निर्भय होऊं नये. जेथें शिपाई येत नाहीं, तेथेंच विवेकानें पहारा करावयाचा असतो.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे कीं, घरोघर भेटीस जातां तेव्हां तरुणांवर रागावूं नका. वरील हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडा, आणि एवढेंच विचारा: "हे पैसे कोणाच्या घरून आले?" ज्यास ह्याचें उत्तर देववेल, त्यास कोणतें अ‍ॅप निवडावें हें विचारण्याचें कारण उरणार नाहीं.