अनाहूत गंधार

तानपुरा मिळाला आहे. तरी लगेच गाऊ नकोस. डिसेंबरातली ग्वाल्हेरची पहाट आहे, बोटं गारठलेली असतील. शाल नीट ओढून घे. जवारीचा धागा केसभर सरकवून बघ. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येऊ लागला, की थांब. तो कुणी छेडलेला नाही. षड्ज खरा लागला म्हणून आला आहे.

त्याच्याकडे कान लावून बस.

आता मनात प्रश्न येईल: धृपद गाऊन पोट भरेल का? येऊ दे. तो खोटा नाही. ख्यालाच्या मानानं धृपदाच्या मैफली कमी, साथीला पखावजी गावोगावी मिळत नाही, आणि आलापातच तासभर रमणारा श्रोता मोजकाच. हे सगळं समोर ठेव. हाकलू नकोस, कवटाळूही नकोस. एक श्वास सोड, अगदी सावकाश.

मग किल्ल्याच्या पायथ्याचा गूजरी महाल डोळ्यांपुढे आण. 1486 ते 1516 या काळात राजा मानसिंह तोमर इथे राज्य करत होता. त्याच्या दरबारी धृपद देशी भाषेत गायलं जाऊ लागलं, लोकांच्या तोंडच्या शब्दांत. स्थायी, अंतरा, संचारी, आभोग यांतून तू जे गातोस, ते तेव्हा ताजं होतं. गाताना तो ताजेपणा शब्दाशब्दांत शोध.

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तरुणाचाही विचार कर. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, जन्म 1849. आधी धारला देवजीबुवा परांजप्यांकडे, मग इथे ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोश्यांकडे. हाती ना मानधन, ना पुढची तारीख, नुसती तालीम. वर्षानुवर्षं. त्यांनी इथून ख्याल नेला. पुढे मिरजेला विष्णू दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशी शिकले. बुवांच्या पायांखालची ती लांबलचक वाट थोडा वेळ नुसती बघ. मला ती आठवली की आपली घाई फार लहान वाटते.

हजिऱ्याला तानसेनाची कबर आहे, मुहम्मद गौसांच्या मकबऱ्याशेजारी. तिथली चिंचेची पानं चघळली की गळा गोड होतो, अशी गाणाऱ्यांची जुनी श्रद्धा. त्याच्या नावाच्या समारोहाची सुरुवात तिथे हरिकथेनं आणि मिलादानं होते. 2024 मध्ये तो शंभरावा झाला. त्या मंचावर कधीतरी बसावंसं वाटतं ना? वाटू दे. त्या इच्छेत लाजण्यासारखं काही नाही. फक्त तिला आत्ता श्रोत्यांत बसव.

परत तानपुऱ्याकडे ये. गंधार अजून ऐकू येतो का बघ. येत नसेल, तर पुन्हा मिळवून घे. उजाडायला वेळ आहे.