तिरोडीचं खनिज आणि तळाचा जीव

रामपायलीत माझ्या टेबलावर तिरोडीकडच्या मँगनीजचा एक ढेपा आहे. मुठीत मावतो, पण उचलताना मनगटाला कळतो. हाताळला की बोटं काळी होतात. आमच्या बालाघाट जिल्ह्यात हा दगड शतकाहून अधिक काळ निघतो आहे आणि त्यावर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या आहेत. १९३८ मध्ये डन आणि रॉय या भूवैज्ञानिकांनी तिरोडीच्या एका खनिजाचं वर्णन केलं आणि गावावरून त्याला ‘तिरोडाइट’ हे नाव दिलं. पुढे वर्गीकरणाचे नियम बदलले आणि ते नाव मागे पडलं. पण आधी कुणीतरी खनिज तपासून लिहून ठेवलं होतं, म्हणून तर दुरुस्ती करता आली. जे लिहिलंच नाही, ते दुरुस्त तरी कसं करणार?

हेच मँगनीज समुद्राच्या तळाशीही आहे. १९८१ च्या २६ जानेवारीला ‘गवेषणी’ या भारतीय संशोधन जहाजाने तिथले बहुधातू गोटे भारतासाठी पहिल्यांदा वर आणले. आज मध्य हिंद महासागरातलं ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र शोधकामासाठी भारताकडे आहे. हे गोटे साधारण बटाट्याएवढे. वाढतात ते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. चार-पाच किलोमीटर खोलीवर चहूकडे मऊ चिखल असतो, त्यामुळे ज्या जीवाला चिकटून बसायला टणक जागा लागते त्याला गोट्यांखेरीज फारसा आसरा नाही.

असा एक जीव म्हणजे ब्रायोझोआ. एक अळी दगडाला चिकटते आणि पहिलं घर होते. त्या घराला कळी फुटून दुसरं, दुसऱ्याला तिसरं, अशी वसाहत वाढते. एकेक घर बहुधा मिलिमीटरहून लहान. त्याच्या तोंडातून संस्पर्शकांचा झुपका बाहेर येतो, पाण्यातले अन्नकण ओढतो आणि धोका जाणवताच आत जातो. जगात यांच्या सुमारे सहा हजार जिवंत जाती माहीत आहेत. नुसत्या डोळ्यांना मात्र वसाहत म्हणजे दगडावर पडलेला पांढुरका डाग.

नव्या जातीचं वर्णन करणं म्हणजे त्या डागासमोर आठवडेच्या आठवडे बसणं. वसाहतीचा एक तुकडा विरंजक द्रावणात ठेवून त्यातला मांसल भाग काढतात. उरलेल्या चुनखडी सांगाड्यावर धातूचा पातळ थर देऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. मग एकामागून एक घरं मोजायची. तोंडाची रुंदी किती, काठावर काटे किती, अंडी सांभाळणारी कुपी उघडी की झाकलेली, पक्ष्याच्या चोचीसारखा अवयव कुठे आणि कोणत्या दिशेला वळलेला. प्रत्येक माप जुन्या वर्णनांशी ताडून पाहायचं. शेवटी एक नमुना ‘नामधारक’ ठरवून संग्रहालयात ठेवायचा, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर तोच नमुना काढून पाहता येतो. आपल्याकडेही हे कसब आहे. १९९५ मध्ये बडवे आणि सोनार यांनी महाराष्ट्र-गोव्याच्या किनाऱ्यांवरच्या ब्रायोझोआंचा अभ्यास प्रसिद्ध केला.

२०१८ मध्ये ग्रिश्चेन्को, गॉर्डन आणि मेलनिक यांनी प्रशांत महासागराच्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यातल्या गोट्यांवरचे ब्रायोझोआ वर्णिले. त्यांत नव्या जाती निघाल्या. २०२३ च्या एका मोजदादीनुसार त्या पट्ट्याच्या तळावरच्या सगळ्या प्राण्यांच्या ५,५७८ जातींपैकी दहांतल्या सुमारे नऊ अजून बिननावाच्या आहेत.

माझं म्हणणं इथेच आहे. पटवाऱ्याच्या खसऱ्यात ज्या शेताची नोंद नाही, त्याचा मोबदला कुणी मागू शकत नाही. एका अहवालात ‘ब्रायोझोआ, जात १’ आणि दुसऱ्यात ‘ब्रायोझोआ, जात ३’ असं लिहिलं, तर ते दोन जीव एकच की वेगळे? तो जीव इतरत्र सापडतो की फक्त याच गोट्यांवर? हे कळल्याशिवाय धातूसाठी गोटे उपसल्यावर काय नाहीसं होईल, ते सांगता येत नाही. नुकसान झालं तरी कागदावर ते शून्यच दिसेल.

यावर उत्तर येतं की वर्णनाला फार वेळ लागतो. ते खरं आहे. नमुना गोळा झाल्यापासून नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. डीएनएने काम लवकर होतं हेही खरं, आणि तो वापरलाच पाहिजे. पण जीव वेगळा आहे एवढं डीएनए सांगतो. तो दगडाला कसा चिकटतो, पिल्लं कुठे सांभाळतो, गाळ अंगावर पडला तर तोंड मिटून किती तग धरेल, याचा अंदाज बांधायला त्याचं शरीर पाहावंच लागतं. उशीर होतो तो हे काम करणारी माणसं मोजकी असल्यामुळे. चार हजार कोटींहून अधिक खर्चाच्या भारताच्या खोल समुद्र मोहिमेत वर्गीकरणतज्ज्ञांच्या कायम जागा हा खर्च मोठा नाही. बॅटरीसाठी या गोट्यांतलं निकेल-कोबाल्ट लागतं हे मला मान्य आहे. खाणीच्या जिल्ह्यात राहून धातूला नाही म्हणणं मला शोभणार नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी वर्णन, मग उपसा.

आमच्याकडे धानाच्या बांधीत चिखलणी झाली की नांगराच्या रेघा दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत. १९८९ मध्ये जर्मन संशोधकांनी पेरूसमोरच्या खोल तळावर मुद्दाम नांगर फिरवून पाहिला. २०१५ मध्ये तिथे पुन्हा कॅमेरे उतरवले तेव्हा त्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, आणि पाण्यातून अन्न गाळून खाणारे जीव त्या जागी अजूनही मोजकेच होते.