तुळशीपत्र कोणी ठेवावे?

‘घरादारावर तुळशीपत्र ठेवणे’ हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना मला दर वर्षी एक अडचण पडते. मुले अर्थ पाठ करतात, वाक्यात उपयोगही करतात. पण तुळशीपत्र ठेवायचे ते स्वतःच्या मालकीच्या वस्तूवर. ‘न मम’ म्हणण्याआधी ती वस्तू ‘मम’ असावी लागते. संसार तर दोघांचा. मग त्यावर एकट्याने तुळशीपत्र कसे ठेवायचे?

विल्यम केरी यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न फार टोचतो. केरी हे बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. 1761 साली इंग्लंडातल्या एका खेड्यात जन्मले, जोडे शिवायला शिकले, पुढे शाळामास्तर झाले. विद्यापीठाचे तोंडही न पाहता त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू आत्मसात केल्या. माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या मास्तराला या माणसाविषयी आपलेपणा वाटला तर नवल नाही.

मराठी माणसावर तर त्यांचे ऋणच आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला (हे आपले साखर कारखान्यांचे श्रीरामपूर नव्हे, हुगळीकाठचे, त्या काळी डेन्मार्कच्या अमलाखालचे) त्यांच्या मंडळींनी 1800 साली छापखाना घातला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी मराठीही शिकवीत. वैद्यनाथ पंडितांच्या साह्याने त्यांनी 1805 साली मराठीचे व्याकरण आणि 1810 साली मराठी-इंग्रजी कोश छापला. कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत होते. आपली भाषा छापखान्यात पहिली पावले टाकीत होती, ती अशी परमुलखात.

आता या ग्रंथांच्या पलीकडची खोली पाहू. केरींची पत्नी डॉरथी. 1781 साली विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी खूण केली. तिला लिहिता येत नव्हते. 1793 साली पतीने हिंदुस्थानात जायचे ठरवले, तेव्हा तिने साफ नकार दिला. पदरी लहान मुले, त्यातच बाळंतपण. पण जहाजाला विलंब झाला, पुन्हा आर्जवे झाली, आणि बहीण सोबत येणार असेल तर येते, असे ती म्हणाली. तान्हे मूल घेऊन निघाली. बंगालमध्ये दारिद्र्य आणि आजारपण वाट्याला आले. 1794 साली पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर डॉरथीचे मन फिरले, ते पुन्हा थाऱ्यावर आले नाही. 1807 च्या डिसेंबरात ती वारली. मधली बारा वर्षे एका खोलीत तिचा आकांत आणि शेजारच्या खोलीत केरींचे भाषांतर, असे चालले.

केरी निर्दय होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी तिला घराबाहेर काढले नाही. शेवटपर्यंत जवळ ठेवून सांभाळले. शिवाय ती अखेर ‘येते’ म्हणाली होतीच, असेही कोणी म्हणेल. पण वाचकहो, ते ‘येते’ आपल्या ओळखीचे नाही का? ‘बरं, तुम्ही म्हणाल तसं’ हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते. त्यात संमती किती आणि निरुपाय किती, हे बोलणारीलाच ठाऊक.

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कोशांची, व्याकरणांची, भाषांतरांची हस्तलिखिते आणि मोठा कागदसाठा जळाला. अनेक भाषांचा एक महाकोश गेला, तो पुन्हा कधी पुरा झाला नाही. तरी यंत्रे वाचली होती. वितळलेल्या शिशातून नवे खिळे पाडले गेले. वार्ता पोचताच इंग्लंडात दोन महिन्यांच्या आत नुकसानीइतका पैसा उभा राहिला. शिसे पुन्हा साच्यात ओतता येते. मोडलेल्या मनाला साचा नाही. केरींचे कागद जळाले म्हणून जग हळहळले. डॉरथीचा तर जळायलाही एक कागद नव्हता. तिची हकीकत आपल्याला कळते ती इतरांच्या पत्रांतून.

मग केरींचे कार्य कवडीमोल ठरवायचे का? नाही. ते ग्रंथ झाले हे चांगलेच झाले. पण फळ गोड निघाले म्हणून दुसऱ्याकडून घेतलेली किंमत आपली होत नाही. स्वतः उपाशी राहणे हा त्याग. दुसऱ्याच्या ताटातले वाढून देणे हा त्याग नव्हे, मग याचक कितीही भुकेला असो.

हा प्रश्न केवळ थोरांचा नाही. कोणी संस्था चालवतो, कोणी नाटकमंडळी, कोणी पक्षाचे काम करतो. मी शाळा सुटल्यावर कादंबऱ्या लिहितो, तेव्हा पोरांना गप्प बसवणारे आणि दारी आलेल्याला परतवणारे माणूस दुसरेच असते. पुस्तकावर नाव माझे छापले जाते.

म्हणून मला वाटते, कार्याला निघणाऱ्याने घरच्यांना आधी विचारावे, आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून विचारावे. ‘नाही’ आले तर कार्य थोडे लहान करावे, थोडे उशिरा करावे. एखादा कोश दहा वर्षे मागाहून निघाला तर भाषा वाट पाहते. घरातल्या माणसाचे आयुष्य तेवढे थांबत नाही.